कोपऱ्यातल्या गाडीवरचे ओरखडे : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चार मजली जुनी इमारत, ३२ घरं आणि गाड्या उभ्या करायला जेमतेम २२ जागा. त्यातल्या १६ जागा ठरावीक घरांच्या नावावर, उरलेल्या सहा जो आधी येईल त्याच्या. गाडीची मालकीण रुग्णालयात परिचारिका. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणते, मीही इथे तेच म्हणणार आहे. दुपारपाळी असली की ती रात्री अकराच्या सुमाराला घरी येते. त्या वेळी बहुतेकदा एकच जागा शिल्लक असे, ती म्हणजे मागच्या भिंतीलगतचा कोपरा. इमारतीच्या मागच्या दाराचा रॅम्प तिथूनच सुरू होतो. वरचा दिवा कित्येक महिने बंद होता आणि त्याची तक्रार कुणीच केली नव्हती, कारण रात्री तिथे सिस्टर सोडून कुणाचं कामच नसे.

मी तेव्हा समितीवर होते. पार्किंग आणि वॉचमन ही माझी जबाबदारी. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि मोजमापं जशीच्या तशी आहेत.

काय घडलं

साधारण दहा आठवड्यांत चार गोष्टी घडल्या. सिस्टरनं त्या मला सांगितल्या तेव्हा चारही एकाच धाग्यात ओवून सांगितल्या : कुणीतरी माझ्या गाडीच्या मागे लागलंय.

सगळ्यात आधी डाव्या दोन्ही दारांवर, खालच्या बाजूला, फिकट चंदेरी खुणा उमटल्या. तिनं त्या पाहिल्या आणि सोडून दिल्या. मग डावा आरसा मिटलेला सापडायला लागला. एकदा नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. तुटलेला नाही, खरचटलेला नाही, नुसता नीट मिटवून ठेवलेला. तिसरी गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. उजव्या बाजूला पुढच्या मडगार्डपासून मागच्या मडगार्डपर्यंत एक लांब नागमोडी रेघ. नख फिरवलं की अडकत होतं, आणि मध्ये दोन ठिकाणी खालचा राखाडी प्रायमर दिसत होता. त्यानंतर नऊ दिवसांनी मागचा डावा टायर बसलेला मिळाला. टायरवाल्यानं हवा भरून साबणाचं पाणी लावून पाहिलं. पंक्चर कुठेच नव्हतं. व्हॉल्व्हचं टोपण गायब होतं आणि आतली पिन सैल केलेली होती.

त्या दिवशी ती ड्युटीवर दीड तास उशिरा पोचली. तिच्यासाठी रेघेपेक्षा ते जास्त लागलं. तिच्या वॉर्डातल्या सहकारी बाईला तेवढा वेळ थांबावं लागलं होतं.

पहिला संशय, आणि पहिली चूक

मागच्या आवारात संध्याकाळी मुलं फुटबॉल खेळतात. सिस्टरनं त्यांना एकदा गाडीला बॉल लागतो म्हणून रागावलं होतं. त्यामुळे रेघ दिसल्याबरोबर तिचा संशय त्यांच्यावर गेला. खरं सांगायचं तर माझाही गेला. तिनं इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेघेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की मुलांच्या आईवडिलांनी लक्ष द्यावं. नाव लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. त्यातला एक मुलगा पुढचे पंधरा दिवस खाली खेळायला आला नाही.

इथे थांबून विचार करायला हवा होता तो आम्ही केला नाही. रेघ कधी ओढली गेली हेच आम्हाला माहीत नव्हतं. सिस्टर गाडी लावते रात्री अकराला आणि काढते दुपारी एकला. मुलं खेळतात संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे गाडी रुग्णालयाच्या आवारात असते तेव्हा. दुपारपाळीच्या दिवसांत मुलांची आणि त्या गाडीची गाठच पडत नव्हती. ही साधी वेळ लावून बघायला आम्हाला तीन आठवडे लागले.

दुसरी चूक माझी एकटीची. गेटवरचा कॅमेरा तपासायला मी टायरच्या घटनेनंतर, म्हणजे रेघ पडल्यावर नवव्या दिवशी सांगितलं. रेकॉर्डिंग सात दिवसांनी आपोआप पुसलं जात होतं. टायरच्या रात्रीचं मिळालं, पण कॅमेऱ्याचं तोंड गेटकडे, आणि कोपरा म्हणजे पडद्यावरचा एक काळा डाग. रेघेच्या दिवसाचं मिळालं असतं तर निदान बाहेरून कोण आत आलं ते दिसलं असतं. तो दुवा कायमचा गेला.

टेप घेऊन केलेली पाहणी

एका रविवारी सकाळी मी आणि सिस्टर टेप, टॉर्च आणि वही घेऊन गाडीशी बसलो. या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी अर्धा तास तोच.

डावीकडच्या चंदेरी खुणा जमिनीपासून ५२ ते ५५ सेंटिमीटरवर होत्या, म्हणजे दार जिथे सगळ्यात जास्त फुगलेलं असतं तिथे. त्या आडव्या, सरळ आणि आखूड होत्या. ओल्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासल्यावर बऱ्याचशा निघाल्याही. रंग फारसा खरवडला गेलेला नव्हता, दुसऱ्या धातूचा थर वर बसला होता. उजवीकडची रेघ ९० सेंटिमीटरच्या आसपास, उभ्या माणसाचा हात सहज खाली सुटतो तिथे. ती नागमोडी आणि खोल होती, आणि कुठेही न उचलता ओढलेली. बाजू वेगळी, उंची वेगळी, जोर वेगळा. एकाच माणसानं एकाच रागानं केलेलं हे काम वाटत नव्हतं.

मग मी भिंत आणि गाडी यांच्यामधलं अंतर मोजलं. ६८ सेंटिमीटर भरलं. सिस्टर गाडी भिंतीला खेटून लावत असे, ती उजवीकडून येणाऱ्यांना वाट मोकळी राहावी म्हणून. पण रॅम्पकडे जायची वाट डावीकडूनच होती. ६८ सेंटिमीटरमधून धडधाकट माणूस सहज जातो. आणखी कोण जात असेल, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. आज ते मोठं नवल वाटतं.

कोणते पर्याय होते

त्या आठवड्यात सिस्टरला सगळ्यांनी सल्ले दिले. त्यातला प्रत्येक सल्ला आम्ही खरोखर तपासून पाहिला.

*कव्हर.* सगळ्यात पहिला सल्ला हाच. पण दहा तास उभं राहून आलेल्या बाईनं रात्री अकराला अंधारात कव्हर चढवायचं, हे चार दिवसांवर टिकत नाही. शिवाय धुळीनं माखलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वाऱ्यानं ते हलत राहिलं, तर तीच धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. किल्लीनं ओढणाऱ्याला पातळ कापड अडवतही नाही.

*कोटिंग आणि फिल्म.* सिरॅमिक कोटिंग लावलं की ओरखडे पडत नाहीत असं ती ऐकून आली होती. त्या कोटिंगचा थर साधारण एक-दोन मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यानं पाणी-घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं, पण किल्लीपुढे ते काहीच नाही. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, सहसा ४०-५० मायक्रॉनच्या घरात असतो. माणसाच्या केसापेक्षाही पातळ. दाबून ओढलेली किल्ली तो एका झटक्यात पार करते. पॉलियुरेथेनची पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा, १५० ते २०० मायक्रॉनची असते. ती हलके ओरखडे स्वतःवर घेते आणि उन्हाच्या उबेनं त्यातले बरेच भरूनही येतात. नुसत्या दारांना ती लावणं शक्य होतं. पण खोल रेघ असलेल्या पत्र्यावर ती लावण्यात अर्थ नाही, आधी रंगकाम हवं. म्हणून तो पर्याय पुढे ढकलला.

*अलार्मचा धक्का-सेन्सर.* गाडीला तो होताच, तिनं बंद ठेवला होता. मांजर बॉनेटवर चढलं तरी वाजतो. रात्री तीन वेळा खोटा वाजलेला अलार्म चौथ्यांदा कुणी बघायला येत नाही, आणि शेजाऱ्यांची झोपमोड होते ती वेगळीच. रागावलेल्या माणसाच्या रागात भर घालणारा उपाय मी सुचवणार नव्हते.

*डॅशकॅम.* म्हणजे गाडीच्या काचेमागे लावायचा छोटा कॅमेरा. हा तिला सगळ्यात पटला आणि तिनं घेतलाही. पार्किंग मोडमध्ये गाडी बंद असतानाही तो रेकॉर्ड करतो. मात्र एक गोष्ट विकत घेण्याआधी समजून घ्यायला हवी होती : नेहमीचा डॅशकॅम पुढे बघतो, फार तर मागे. किल्लीची रेघ ओढली जाते ती बाजूला, जिथे दोन्ही कॅमेऱ्यांना दिसत नाही. पुढून चालत येणारा माणूस दिसतो, त्याचा हात दिसत नाही.

*जागा बदलणं.* हा पर्याय यादीत सगळ्यात शेवटी आला, कारण त्यासाठी पैसे लागत नव्हते पण माणसांशी बोलावं लागणार होतं.

चिठ्ठी

दरम्यान सिस्टरनं काचेवर एक कागद लावला होता : "गाडीवर कॅमेरा आहे. पकडला गेलात तर पोलिसांत देईन." पोलिसांत लेखी नोंद तिनं आधीच केली होती आणि ते योग्यच होतं. विमा कंपनीनंही तीच मागितली. पण या कागदानं ज्यानं काही केलं त्याला फक्त सावध केलं, आणि ज्याला काही सांगायचं होतं त्याचं तोंड बंद केलं.

मी तिला तो काढायला लावला. तिला ते आवडलं नाही. "नुकसान माझं झालंय, आणि मीच नमतं घेऊ?" असं ती म्हणाली. तिचा राग खोटा नव्हता. आम्ही बराच वेळ बोललो आणि शेवटी नवा कागद लावला : "ही गाडी अडचणीची होत असेल तर कृपया या नंबरवर फोन करा. कुठल्याही वेळी. गाडी लगेच हलवू." नंबर कुणाचा द्यायचा यावरही विचार केला. एकट्या राहणाऱ्या बाईचा नंबर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा काचेवर लावणं मला मान्य नव्हतं. म्हणून माझा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या. "मॅडम, मी तळमजल्यावरच्या आजींकडे काम करते. खुर्ची निघत नाहीये."

मी खाली गेले. आजी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या, मांडीवर घडी केलेली शाल. मावशी एका हातानं गाडीचा आरसा मिटवत होत्या, दुसऱ्या हातानं खुर्ची धरलेली. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, म्हणून रोज सकाळी फिजिओथेरपीला त्या याच वाटेनं जातात. खुर्चीची रुंदी मी नंतर मोजली : ६५ सेंटिमीटर. चाकाबाहेरची ढकलायची धातूची कडी सगळ्यात बाहेर आलेली, तिचा वरचा भाग जमिनीपासून ५४ सेंटिमीटरवर. तिच्यावर सिस्टरच्या गाडीचा निळा रंग लागलेला होता.

त्यानंतर काय केलं

त्याच संध्याकाळी आजींच्या मुलाशी बोलले. समितीची खोली टाळली, त्यांच्याच घरी गेले, आणि सिस्टरला मुद्दाम बरोबर नेलं नाही. पहिल्या भेटीत दोघं समोरासमोर आले असते तर बोलणं वादावर गेलं असतं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "ताई, हवा मीच सोडली. वॉचमनला दोनदा सांगितलं होतं की ती गाडी तिथे लावू देऊ नका. कुणी ऐकलं नाही. आईला त्या दिवशी पाऊण तास दारात बसवून ठेवावं लागलं. पण रेघ मी ओढलेली नाही. वाटल्यास माझ्या मुलाची शपथ घेतो."

वॉचमनला विचारलं. त्यानं ते मान्य केलं. त्याला सांगितलं जायचं सकाळी सातला. सिस्टर तेव्हा झोपलेली. "रात्री अकराला आलेल्या बाईंना सातला कसं उठवायचं, मॅडम?" आठला त्याची पाळी संपायची, ती खाली यायची एकला, आणि निरोप त्या पाच तासांत हरवायचा. दोघंही आपापल्या जागी वाईट वागलेले नव्हते. निरोप पोचवायची सोय मात्र आमच्याकडे नव्हती, आणि ती करणं हे माझं काम होतं.

सिस्टरपुढे आता निर्णय होता. हवा सोडणं हा खोडसाळपणाच होता आणि त्यामुळे तिला ड्युटीवर उशीर झाला होता. ती तक्रार वाढवू शकत होती. दोन दिवस तिनं काहीच उत्तर दिलं नाही. मग ती स्वतः आजींना भेटून आली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. टायरची तक्रार तिनं पुढे नेली नाही, रेघेची कायम ठेवली.

जागेचा प्रश्न अदलाबदलीनं सुटला. गेटजवळ एका कुटुंबाची ठरावीक जागा होती, त्यांची गाडी महिन्यातून दोनदा हलते. ती जागा दिवसभर तीन घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून दिसते आणि वॉचमनच्या खुर्चीपासून दहा पावलांवर आहे. त्यांनी सुट्या जागांपैकी एक कायमची घ्यायचं कबूल केलं, पण कोपरा नाही. कोपरा पार्किंगमधून काढूनच टाकला. तिथे १२० सेंटिमीटर रुंदीची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखली.

दिवा बदलताना एक गोष्ट शिकलो. इलेक्ट्रिशियननं आधी मोठा, उघडा, झगझगीत दिवा लावला. त्यानं डोळे दिपत होते आणि खांबामागे पहिल्यापेक्षा काळी सावली पडत होती. तळमजल्यावरच्या खोलीत रात्रभर उजेड जात होता तो वेगळाच. मग खाली तोंड केलेले, झाकण असलेले दोन मंद दिवे लावले. कॅमेऱ्यालाही तसा सारखा उजेडच मानवतो. नवीन कॅमेरा आवाराच्या मध्यावर बसवला, कुणाच्या खिडकीत डोकावणार नाही अशा कोनात, आणि रेकॉर्डिंग सात दिवसांऐवजी ३० दिवस राहील असं केलं.

गाडी धुऊन घेणं हेही त्यात होतं. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. १९६९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी नंबरप्लेट काढलेल्या आणि बॉनेट उघडं ठेवलेल्या दोन गाड्या सोडून दिल्या होत्या, एक न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये आणि एक कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये. ब्राँक्समधली गाडी दहा मिनिटांतच लुटली जायला लागली. पालो अल्टोमधली आठवडाभर कुणी हात न लावता उभी राहिली, आणि झिम्बार्डो यांनी स्वतः तिच्यावर हातोडा घातल्यावर मात्र बाकीचेही तुटून पडले. दोन गाड्यांवरून नियम काढता येत नाही. पण सिस्टरच्या गाडीवर पानं साचलेली असत, धुळीत कुणीतरी बोटानं लिहिलेलं असे, आणि ही गाडी कुणी बघत नाही असं ती स्वतःच सांगत होती, एवढं मला पटतं.

रेघेवर लगेच टच-अप पेन फिरवून प्रायमर झाकला, म्हणजे ओल आत जाणार नाही. पॉलिशनं ती जाणार नव्हती. क्लिअर कोट पार झाल्यावर पॉलिश करणं म्हणजे आजूबाजूचा चांगला थर झिजवणं. पूर्ण रंगकाम जागा बदलल्यावरच केलं. विम्यात एक अडचण आली. सगळं नुकसान एका दाव्यात बसेल असं तिला वाटलं होतं. वेगवेगळ्या दिवशी झालेलं नुकसान वेगवेगळ्या घटना धरल्या जातात आणि प्रत्येक वेळी आपला वाटा वेगळा भरावा लागतो. डावीकडच्या खुणा पॉलिशनं निघाल्याच होत्या, म्हणून दावा फक्त रेघेचा केला.

डॅशकॅमनं मध्येच एक फटका दिला. दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरूच होईना. बॅटरी किती उतरल्यावर कॅमेरा बंद व्हावा, ते सेटिंग ११.८ व्होल्टवर होतं. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ ला ती निम्मी झालेली असते आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. ते १२.२ वर आणल्यावर पुन्हा त्रास झाला नाही.

निष्पत्ती

हे लिहिताना अकरा महिने झाले आहेत. गाडीवर नवीन ओरखडा नाही, आरसा जागच्या जागी असतो. यातलं किती श्रेय जागेला, किती दिव्याला आणि किती बोलण्याला, हे वेगळं काढता येणार नाही, कारण सगळं एकाच महिन्यात केलं. माझा स्वतःचा कौल जागेला आणि त्या नंबरच्या चिठ्ठीला आहे. डॅशकॅमनं आजवर कामाचं एकही चित्र दिलेलं नाही.

उजवीकडची रेघ कुणी ओढली ते कळलं नाही. आजींच्या मुलावर माझा विश्वास आहे. ज्यानं हवा सोडल्याचं न विचारता सांगितलं, त्यानं रेघ लपवायचं कारण मला दिसत नाही. सिस्टरला अजून पूर्ण खात्री नाही आणि मी तिच्याशी त्यावर वाद घालत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी काढून ठेवायला हवं होतं. आता वॉचमनच्या टेबलावरच तसं लिहून ठेवलं आहे : नुकसान दिसलं की आधी रेकॉर्डिंगची कॉपी, मग बाकीचं.

मिटलेला आरसा ही सगळ्यात मोठी खूण होती आणि ती आम्ही त्रास म्हणून मोजली. गाडीचं वाईट करायचं असणारा माणूस आरसा तोडतो, तो जपून मिटवत बसत नाही. कुणीतरी आठवड्यातून तीनदा वाट काढत होतं, आणि खाली जाऊन सकाळी एक तास उभं राहिलं असतं तर ते पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. पहिल्या चंदेरी खुणेचा फोटो, शेजारी टेप धरून, तारखेसकट, त्याच दिवशी घ्यायला हवा होता. आम्ही तो दोन महिन्यांनी घेतला, तोवर खुणा एकमेकींवर चढल्या होत्या.

ग्रुपवरचा तो फोटो टाकायला नको होता. सिस्टर त्या मुलाच्या घरी माफी मागायला गेली तेव्हा तो दार उघडायला स्वतः आला, पण आत बोलावलं नाही. आई घरात नाही, एवढंच म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. ग्रुपवरही तिनं स्पष्ट लिहिलं की संशय चुकीचा होता. तो आता खाली खेळतो. बॉल सिस्टरच्या गाडीकडे गेला की मात्र स्वतः आणायला जात नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो.